मामा + काका = समास : अक्षरांमागचे अंक आणि डेटा सफिशियन्सी

आधी एक कोडं सोडवू, परीक्षेचं नंतर बघू.

मामा + काका = समास

प्रत्येक अक्षर म्हणजे ० ते ९ मधला एक अंक. 'मा' हा एक अंक, 'का' हा दुसरा, 'स' हा तिसरा. सारख्या अक्षराला सारखा अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा. कुठलीही संख्या शून्याने सुरू होत नाही. बेरीज जमली पाहिजे, बास.

दोन अंकी दोन संख्यांची बेरीज फार तर किती होईल? ९९ + ९९ = १९८. म्हणजे उत्तर तीन अंकी आलं की त्याचा पहिला अंक १ च असणार. स = १ मिळाला. आता एकक स्थान बघा. मा + का केल्यावर खाली १ लिहायचाय. म्हणजे मा + का एक तरी आहे किंवा अकरा तरी. एक असेल तर दोघांपैकी एकजण शून्य होतो आणि संख्या शून्याने सुरू होते, ते चालत नाही. म्हणून अकरा. खाली १, हातचा १. दशक स्थानी परत मा + का, अधिक हातचा, म्हणजे १२. दशकाखाली २ येतो आणि तिथे अक्षर आहे 'मा'. मा = २, का = ९. ताळा करू: २२ + ९९ = १२१. जमलं.

आता यात मी तुम्हाला एकही विधान दिलं नव्हतं. 'मा सम आहे', 'का हा स पेक्षा मोठा आहे' असलं काही नाही. तरी उत्तर एकच निघालं. डेटा सफिशियन्सीच्या, म्हणजे 'दिलेली माहिती उत्तराला पुरते का' एवढंच विचारणाऱ्या पेपरात अक्षरांचं गणित आलं की नवी मुलं नेमकी इथेच घसरतात. प्रश्नाच्या पोटात किती माहिती दडलीय ते बघायच्या आधीच ती खालच्या विधानांकडे धावतात. मीही तेच करायचो. एका सराव परीक्षेत अशा एका प्रश्नावर चार मिनिटं घालवून सगळे अंक शोधून काढले, वर पर्याय चुकीचा टिक केला. अंक शोधा असं तिथे कुणी म्हटलंच नव्हतं.

असली कोडी जुनी आहेत. सगळ्यात गाजलेलं हेन्री डुडनी या इंग्रज कोडेकाराचं, १९२४ साली 'स्ट्रँड' मासिकात आलेलं, 'सेंड' अधिक 'मोअर' बरोबर 'मनी'. त्याचं उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२. तिथेही एकच उत्तर आहे आणि तिथेही सुरुवात अशीच होते: चार अंकी दोन संख्यांची बेरीज पाच अंकी आली, तर पहिला अंक १. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं घेऊन एकदा करून बघा, हात बसतो.

पेपरवाला नेमकं काय विचारतोय

डेटा सफिशियन्सीत वर एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायला ही माहिती पुरते का, एवढंच सांगायचं असतं. चोर कोण हे नंतर बघू, पुरावा एकाच माणसाकडे बोट दाखवतो का ते आधी सांगा, असा मामला.

शक्यता पाचच. फक्त विधान १ पुरतं. फक्त विधान २ पुरतं. दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरतं. एकेकटं पुरत नाही पण दोन्ही मिळून पुरतात. दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

या पाच शक्यता पर्यायांत कुठल्या क्रमाने छापल्यात ते मात्र परीक्षेगणिक बदलतं. जीमॅटमध्ये (एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा) 'दोन्ही मिळून' हा तिसरा पर्याय आणि 'प्रत्येक एकटं' हा चौथा. बँकांच्या पेपरात बहुतेकदा तिसऱ्या जागी 'कुठलंही एक' असतं आणि 'दोन्ही मिळून' शेवटी. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) चारच पर्याय, म्हणून 'फक्त पहिलं' आणि 'फक्त दुसरं' हे दोन मिळून 'एका विधानाने येतं, दुसऱ्याने येत नाही' असा एकच पर्याय केलेला दिसतो. एका परीक्षेची सवय दुसरीकडे नेली की गणित बरोबर आणि रंगवलेला गोल चुकीचा. पेपर हातात आल्यावर सूचना वाचायला दहा सेकंद द्या. सीसॅटला ८० प्रश्न आणि दोन तास असतात, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला त्याची एक तृतीयांश वजावट. त्यातले दहा सेकंद परवडतात.

पहिली पायरी: विधानं झाका, प्रश्न पिळा

खरंच झाका. रफ कागद विधानांवर ठेवा. मग प्रश्नातून फुकट काय मिळतंय ते लिहा.

पहिल्या जागचा अंक शून्य नसतो. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा ० किंवा १ च असतो, तिसरं काही नाही. तीन संख्या एकाखाली एक असतील तर हातचा २ पर्यंत जातो, त्याहून पुढे नाही. एका स्थानी क + ख केल्यावर खाली परत क च आला, तर ख शून्य आहे, किंवा मागून हातचा आलाय आणि ख नऊ आहे. बेरजेच्या कोड्यांचा अर्धा जीव या एवढ्यातच असतो.

गुणाकारात एकक स्थानाकडे बघायचं. एखाद्या अंकाला त्याच अंकाने गुणून एककात तोच अंक परत आला, तर तो ०, १, ५ किंवा ६. पूर्ण वर्गाच्या एककात २, ३, ७, ८ कधी येत नाहीत. पाचाला विषम अंकाने गुणलं की एककात ५, सम अंकाने गुणलं की ०. पाढे पाठ असतील तर हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रश्नात शब्दश: शोधायची: 'वेगळी अक्षरं म्हणजे वेगळे अंक' असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते भांडवल आहे. नसेल तर मनाने धरू नका. या एका ओळीने उत्तर कसं उलटतं ते आता बघू.

दुसरी पायरी: उरलेल्या उमेदवारांची यादी

वरच्याच कोड्याचं भावंड घेऊ.

मामा + काका = सरस. वेगळी अक्षरं म्हणजे वेगळे अंक. मा ची किंमत किती?
विधान १: मा सम आहे.
विधान २: मा पूर्ण वर्ग आहे.

विधानं झाकलेली आहेत असं समजा. मघासारखंच स = १, मा + का = ११ आणि बेरीज १२१. म्हणजे र = २. अकरा करणाऱ्या जोड्या लिहू: २ आणि ९, ३ आणि ८, ४ आणि ७, ५ आणि ६. पण २ हा अंक 'र' ने घेतलाय, म्हणून २-९ ची जोडी बाद. 'समास' मध्ये हीच जोडी उत्तर होती, इथे तीच पहिली बाहेर गेली. मा साठी उरले ३, ४, ५, ६, ७, ८. ही यादी रफ कागदावर लिहून तिला चौकट करा. ती आता आपली मतदार यादी, विधानांनी फक्त हिच्यातून नावं कापायची.

विधान १ उघडा. सम: ४, ६, ८. तीन उरले, पुरत नाही.

आता विधान १ परत झाका. डोक्यातूनही. विधान २ एकटं वाचा: पूर्ण वर्ग. घाईतला मुलगा म्हणतो, एक अंकी पूर्ण वर्ग ०, १, ४, ९, म्हणजे एकटं पुरत नाही. सम आणि पूर्ण वर्ग दोन्ही लावले, शून्य पहिल्या जागी चालत नाही, उरला ४. मग तो 'दोन्ही मिळून' हा पर्याय टिक करतो आणि खूश होतो. पण आपल्या यादीत ९ नाहीच, १ ही नाही. यादीतला पूर्ण वर्ग एकच, ४. म्हणून विधान २ एकटंच पुरतं. उत्तर: फक्त विधान २.

आता प्रश्नातून 'वेगळी अक्षरं म्हणजे वेगळे अंक' ही ओळ पुसून टाका. आता मा आणि र दोघांनाही २ चालेल, का आणि र लाही. २-९ ची जोडी परत आत आली आणि मा साठी २ ते ९ सगळे उमेदवार झाले. विधान १ ने २, ४, ६, ८. विधान २ ने ४ आणि ९. एकटं कुठलंच पुरत नाही, दोन्ही मिळून फक्त ४. उत्तर बदललं: दोन्ही मिळून. कोडं तेच, विधानं तीच, मा ची किंमतही तीच ४. फक्त एक ओळ गेली आणि गोल दुसरीकडे गेला.

(परीक्षेत 'मामा' वगैरे नसतं, अ, ब, क असतं किंवा इंग्रजी अक्षरं असतात. मला मराठी शब्दांवर सराव करायला मजा येते म्हणून ही कोडी बनवलीत. अक्षर मोजताना काना-मात्रा-वेलांटीसकट एक अक्षर धरायचं, म्हणून 'मा' आणि 'मी' वेगळे.)

तिसरी पायरी: दुसरं उत्तर शोधा

एक उत्तर सापडलं की मन थांबतं. इथे थांबायचं नसतं. सापडलेल्या उत्तराला पाडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे त्याच अटीत बसणारं दुसरं उत्तर मिळतंय का ते बघायचं. मिळालं तर माहिती अपुरी. सगळे रस्ते बंद झाले तर पुरेशी.

यातला सापळा म्हणून हा नमुना वर्षानुवर्षं फिरतोय:

एक दोन अंकी संख्या कोणती?
विधान १: तिच्या अंकांची बेरीज ९ आहे.
विधान २: ती संख्या आणि अंक उलटे करून आलेली संख्या यांच्यातला फरक २७ आहे.

विधान १ ने १८, २७, ३६ पासून ९० पर्यंत रांग लागते. विधान २ चं गणित असं: अंक उलटे केल्यावरचा फरक नेहमी अंकांच्या फरकाच्या नऊपट असतो. २७ म्हणजे अंकांत फरक ३, आणि ४१, ५२, ६३ वगैरे बरीच. दोन्ही मिळून: बेरीज ९, फरक ३, अंक ६ आणि ३. संख्या ६३. झालं?

नाही झालं. ३६ चं काय? ६३ − ३६ = २७, आणि 'यांच्यातला फरक' म्हणताना मोठी कुठली ते कुणीच सांगितलेलं नाही. दोन्ही मिळूनही अपुरी. 'अंक उलटे केल्यावर संख्या २७ ने कमी होते' असं असतं तर ६३ पक्कं होतं. 'फरक' हा शब्द दिसला की मी पेन्सिलीने त्याखाली रेघ मारतो. तुम्ही स्क्रीनवर परीक्षा देत असाल तर रफ कागदावर 'कुठली मोठी?' असं लिहा.

नऊपटीवरून आठवलं. अंक उलटून वजाबाकी करायच्या खेळात आपल्याकडचा माणूस जगभर पोचलाय. देवळालीला शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर. चार अंक, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची, उत्तराचं परत तेच. फार तर सात वेळात ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. १९४९ सालचा हा शोध, 'कापरेकर स्थिरांक' म्हणून गणिताच्या पुस्तकांत आहे. परीक्षेला त्याचा थेट उपयोग नाही, पण तीन अंकांवरची वजाबाकी मात्र विचारतात. अबक मधून कबअ वजा केलं (अ मोठा असताना) की उत्तर नेहमी ९९ × (अ − क). मधला ब कापला जातो. म्हणून 'ही वजाबाकी किती?' या प्रश्नाखाली 'ब = ५ आहे' असं विधान दिलं असेल तर ते नुसती जागा अडवून बसलंय. उलट 'उत्तराचा एकक अंक ४ आहे' हे एकटं पुरतं, कारण ९९ च्या पहिल्या नऊ पटींचे एकक ९, ८, ७ असे उतरत १ पर्यंत जातात, एकही परत येत नाही. ४ म्हणजे ५९४.

हो किंवा नाही वाले प्रश्न

इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. 'नाही' हेही उत्तरच आहे.

अब ही दोन अंकी संख्या मूळ संख्या आहे का?
विधान १: अ + ब = १२.
विधान २: ब विषम आहे.

अंकांची बेरीज १२ म्हणजे संख्येला ३ ने भाग जातो, म्हणजे ती मूळ नाही. ३९ असो, ५७ असो, ८४ असो, उत्तर ठाम 'नाही'. संख्या कोणती हे कळलं नाही, पण ते विचारलंच नव्हतं. विधान १ पुरतं. विधान २ ने १३ आला तर हो, १५ आला तर नाही, म्हणून अपुरं. खूप मुलं विधान १ ला 'अपुरं' म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात 'पुरेसं' म्हणजे 'हो' असं बसलेलं असतं.

विचारलंय काय, तेवढंच बघा

आता माझं आवडतं.

अब × ब = कडब. चारही अक्षरं वेगळे अंक. ड ची किंमत किती?
विधान १: ब विषम आहे.
विधान २: अ विषम आहे.

झाकून सुरुवात. ब ला ब ने गुणून एककात ब आलाय, म्हणजे ब हा ०, १, ५, ६ पैकी. ० असेल तर गुणाकारच शून्य. १ असेल तर अब × १ दोन अंकीच राहणार. उरले ५ आणि ६.

विधान १: ब = ५. मग ६५ × ५ = ३२५ चालतं, तिथे ड = २. ३५ × ५ = १७५ पण चालतं, तिथे ड = ७. दोन किंमती आल्या, विधान १ बाद. पुढे मोजत बसायची गरज नाही.

विधान २ एकटं: अ विषम. ३५ × ५ = १७५ ने ड = ७, ३६ × ६ = २१६ ने ड = १. हेही बाद.

दोन्ही मिळून: ब = ५, अ विषम. अ = १ घेतला तर ७५, दोन अंकी, नको. ३ घेतला तर १७५. ५ तर ब नेच घेतलाय. ७ घेतला तर ३७५, पण त्यात ड आणि अ दोन्ही ७, नको. ९ घेतला तर ९५ × ५ = ४७५. म्हणजे अ ला दोन किंमती, क ला दोन किंमती. पण ड? दोन्हीकडे ७. प्रश्न ड चा आहे. दोन्ही मिळून पुरतात.

'अजून दोन उत्तरं निघतात, म्हणजे अपुरं' असं म्हणून इथे हमखास गुण जातात. दुसरं उत्तर शोधायचं म्हणजे विचारलेल्या गोष्टीची दुसरी किंमत शोधायची, कोड्याची दुसरी मांडणी नव्हे. आणि ज्याला घाई आहे त्याच्यासाठी: अ५ × ५ म्हणजे अ × ५० + २५. अ विषम असेल तर अ × ५० च्या शेवटी ५०, त्यात २५ मिळवले की शेवट ७५. यादी न करताच ड = ७ कळतं.

एक कोडं, चार प्रश्न

हे एक नीट हळूहळू करा. मामा-मामींचं घर सासर होणं आपल्याकडे काही नवं नाही, म्हणून:

मामा + मामी = सासर. वेगळी अक्षरं, वेगळे अंक.
विधान १: स = ०.
विधान २: र = ९.

प्रश्न पिळला की सा = १ लगेच मिळतो. मा हा ५ किंवा त्याहून मोठा, कारण मा = ४ घेतला तर ४४ + ४९ = ९३, शंभर गाठतच नाही.

विधान १ ने बेरीज शंभर ते एकशे नऊमध्ये बसते. मा = ६ घेतला तर ६६ + ६० म्हणजेच १२६ पासून सुरुवात, म्हणून मा = ५ च. मी? ० चालत नाही, तो स आहे. १ हा सा आहे. २, ३, ४ चालतात: १०७, १०८, १०९. ५ हा मा आहे. ६ पासून पुढे बेरीज १११ किंवा त्याहून वर जाते. म्हणजे विधान १ देतं: मा = ५, मी = २ किंवा ३ किंवा ४.

विधान १ झाका. विधान २: एककात ९. मा + मी नऊ असणार, कारण १९ दोन वेगळ्या अंकांतून होत नाही. जोड्या तपासू. ५५ + ५४ = १०९, चालतं. ६६ + ६३ = १२९, चालतं. ७७ + ७२ = १४९, चालतं. ८८ + ८१ मध्ये मी आणि सा दोन्ही १, नको. ९९ + ९० = १८९ मध्ये मा आणि र दोन्ही ९, नको. म्हणजे विधान २ देतं: मा ५, ६ किंवा ७, आणि मा + मी = ९.

आता प्रश्न बदलत जाऊ.

मा किती? विधान १ ने ५, पक्कं. विधान २ ने तीन किंमती. उत्तर: फक्त विधान १.

मा + मी किती? विधान १ ने ७, ८ किंवा ९. विधान २ ने ९, पक्कं. उत्तर: फक्त विधान २.

मी किती? विधान १ ने २, ३, ४. विधान २ ने ४, ३, २. योगायोगाने तीच यादी! दोन्ही मिळून मा = ५ आणि बेरीज ९, म्हणून मी = ४. उत्तर: दोन्ही मिळून.

सा किती? हे तर प्रश्नानेच सांगितलंय, १. मग विधान १ असलं तरी उत्तर मिळतं, २ असलं तरी मिळतं. उत्तर: कुठलंही एक पुरतं. असा प्रश्न पेपरात क्वचित येतो, पण आला तर 'विधानांचा उपयोगच नाही' म्हणून 'दोन्ही मिळूनही पुरत नाहीत' हा पर्याय टिक करू नका.

तिसऱ्या प्रश्नात आणखी एक खोच आहे. दोन्ही याद्या अगदी सारख्या, २, ३, ४. मी ची नुसती यादी ठेवून 'सामाईक काय' बघणारा म्हणेल तीनही सामाईक, म्हणून अपुरी. याद्या जोड्यांच्या ठेवायच्या. विधान १ ची (५,२), (५,३), (५,४). विधान २ ची (५,४), (६,३), (७,२). दोन्हीत असलेली जोडी एकच, (५,४).

वेळ आणि रफ कागद

बेरीज उभी मांडा, आडवी नको, आणि हातच्यासाठी वर एक रिकामी ओळ सोडा. हातचा मनात ठेवणारे तिसऱ्या कोड्याला चुकतातच. रफ कागदावर दोन विधानांसाठी मध्ये उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडचं उजवीकडे उचलायचं नाही, दोन्ही रकाने भरल्याशिवाय 'मिळून' चा विचार करायचा नाही. एखादं विधान एकटं पुरलं तर 'मिळून' वाली पायरी करायचीच नाही, तिथे वेळ वाचतो.

विचारलेल्या गोष्टीच्या दोन वेगळ्या किंमती हाताशी आल्या की ते विधान तिथेच सोडा, यादी पूर्ण करू नका. तीन संख्यांची बेरीज किंवा तीन अंकी गुणिले तीन अंकी दिसलं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात एकही अक्षर पक्कं झालं नाही, तर प्रश्नावर खूण करून पुढे जा. त्याच वेळात उताऱ्यावरचे दोन प्रश्न होतात.

आणि ताळा. नीट काढलेल्या पेपरात दोन विधानं एकमेकांच्या विरोधात कधी नसतात, दोन्ही एकाच वेळी खरी असतात. म्हणून दोन्ही रकान्यांत निदान एक जोडी सामाईक निघालीच पाहिजे. वरच्या कोड्यात ती ५५ + ५४ = १०९. तुमच्या दोन रकान्यांत सामाईक काहीच निघालं नाही तर पर्याय टिक करायच्या आधी मागे जा. कुठेतरी एखादा हातचा राहिलाय.